तिसाचे पंचेचाळीस

ज्या वर्षी मास्तरांच्या धाकट्या लेकीचं लग्न एकदा मोडलं आणि चार महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरून पार पडलं, त्या वर्षी मास्तरांनी घर विकायला काढलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान आणि त्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, घर. बेचाळीस वर्षं कोट, पाटलोणी आणि गणवेश शिवून पाठीला जरा बाक आला होता, पण बाजारात नाव चोख होतं. गिऱ्हाइकाने तीन मीटर कापड आणलं आणि अडीचच लागलं, तर उरलेला अर्धा मीटर घडी घालून परत. एका बाबतीत मात्र हात सढळ होता. शिवणीत ते भरपूर माया ठेवत. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं जादा कापड. माणूस पुढे अंगाने भरला तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून.

कपड्यात हे ठीक होतं. पण मास्तरांच्या घरात प्रत्येक गोष्टीत माया ठेवायची सवय होती, आणि ती एकमेकांना न सांगता. लग्न मोडलं ते त्यापायीच. मुलाकडची मंडळी बैठकीला दहाला यावीत असा बेत होता. मास्तर बायकोला म्हणाले, "साडेनऊ कळव, लोक उशीरच करतात." बायकोने आपल्या मुलाला नऊ सांगितलं. मुलाने निरोप देताना साडेआठ सांगितलं. नवरा मुलगा होता वजनमाप खात्यात निरीक्षक, दुकानोदुकानी तराजू तपासणारा. तो आई-वडिलांना घेऊन आठ वाजून एकोणतीस मिनिटांनी दारात. दार उघडलं मास्तरांनी, कमरेला टॉवेल आणि तोंडभर साबण. नवऱ्या मुलाची आई तीन मजले चढून आली होती, ती तशीच खाली उतरली. पुढे ते सगळं जुळवून आणायला लेकीला चार महिने लागले. कसं जुळवलं ते तिने कोणाला सांगितलं नाही.

तर घर विकायचं कारण होतं मास्तरांच्या बायकोचे गुडघे. खालून वरपर्यंत चोपन्न पायऱ्या. लेकीच्या लग्नाला तिला खुर्चीत बसवून खाली नेली आणि खुर्चीतच वर आणली. त्यानंतर पाच महिने ती खाली उतरली नव्हती. जन्मभर बोलघेवडी बाई. भाजीवाल्याशी, पोस्टमनशी, कोणाशीही अर्धा तास सहज बोलेल अशी. आता खिडकीत बसून तीन मजले खाली ओरडून बोलायची आणि खालच्यांना निम्मं ऐकू यायचं नाही. हळूहळू तिने ओरडणंही सोडलं. एके दिवशी दुपारी मास्तर जेवायला वर आले, तर ती भिंतीवरच्या पालीशी बोलत होती.

"कोणाशी बोलतेस गं?"

"हिच्याशी. निदान मान तरी हलवते," ती म्हणाली.

मास्तर अर्धं ताट सोडून उठले. त्याच संध्याकाळी ते गल्लीपलीकडच्या चष्मेवाल्याकडे गेले. चष्मेवाल्याच्या दुकानामागे दोन खोल्या विकायच्या होत्या. तळमजला, एकही पायरी नाही, दार थेट रस्त्यावर. चष्मेवाला अठ्ठावीस लाख म्हणाला. मास्तरांनी एका शब्दाने घासाघीस केली नाही. स्वतःच्या दुकानात कोणी घासाघीस केली की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं, मग दुसऱ्याशी कुठून करणार? चष्मेवाला म्हणाला, "मास्तर, महिनाअखेरपर्यंत थांबतो. तुम्ही माझ्या लग्नाचा कोट शिवलाय म्हणून. त्यापुढे नाही, माझा मेहुणा गोदामासाठी मागे लागलाय."

म्हणजे हातात तीस दिवस. तेवढ्यात घर विकलं गेलं तर बायको माणसांत, नाहीतर पालीबरोबर.

आता किंमत ठरवायची. मास्तरांनी आधी गळ्यातली टेप काढून घर मोजलं. वहीत लिहिलं ते त्यांच्या सवयीने: बाहेरच्या खोलीची छाती एकशे चव्वेचाळीस इंच, कंबर एकशे वीस, स्वयंपाकघर आखूड, बाल्कनी म्हणजे नुसती बाही. मग आजूबाजूला कोणी कितीला विकलं याची चौकशी. खालच्या मजल्यावरचं घर आदल्या वर्षी विकलं गेलं होतं. विकणारे निवृत्त स्टेशनमास्तर छाती फुगवून म्हणाले, "पस्तीस मोजून घेतले." घेणारा दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला, "पंचवीसला पडलं, कुणाला बोलू नका." मास्तरांना यात काही नवल वाटलं नाही. नवरा म्हणतो बाही लांब हवी, बायको म्हणते आखूड. आपण मधोमध कापायचं. पस्तीस आणि पंचवीसच्या मधोमध तीस. अठ्ठावीस चष्मेवाल्याचे, दोन सामान हलवायला आणि कागदपत्रांना. हिशेब अंगाला अगदी बेतून बसला.

"तीस आले की झालं," ते बायकोला म्हणाले, "पण घेणारा घासाघीस करणारच. म्हणून तेहतीस सांगायचे."

"बरं," बायको म्हणाली.

पुढे काय झालं ते मास्तरांना तीन आठवडे कळलं नाही, पण आत्ताच सांगून टाकलेलं बरं. बायकोला आपला मुलगा ठाऊक होता. वीजबिल कचेरीत खिडकीवर बसून बसून तो इतका नरम झाला होता, की समोरच्याने भुवई वर केली तरी हा म्हणायचा, "बरं, राहू द्या." त्याच्याकडून पहिल्या फटक्यात तीन लाख गळणार हे तिने धरूनच ठेवलं. म्हणून त्याला म्हणाली, "बाबा छत्तीस म्हणतायत." मुलाला दलालाचा भरवसा नव्हता, दलाल काय, घेणाऱ्याकडूनही पैसे खाणार. त्याने दलालाला चाळीस सांगितले. आणि दलाल तर धंद्यातलाच. त्याने जाहिरातीत छापलं: 'हवेशीर, शांत, भरपूर उजेड. पंचेचाळीस लाख.'

मास्तर मात्र आपल्या तेहतीसवर निर्धास्त. त्यांनी नळाचा वायसर बदलला, खिडक्यांना तेलपाणी केलं, पडदे नवे शिवले. पडद्यांनाही खाली चार बोटं माया ठेवली, घेणाऱ्याची खिडकी मोठी झाली तर म्हणून.

"खिडकी मोठी कशी होईल हो?" बायको म्हणाली.

"माणूस होतो की मोठा."

पहिला आठवडा कोणी फिरकलं नाही. दुसऱ्यात एक जोडपं आलं, ते दारातूनच हसत परत गेलं. त्यात हसण्यासारखं काय होतं, मास्तरांना समजेना. त्यांनी आरशात जाऊन आपला सदरा नीट आहे का पाहिलं. दुकानात त्यांचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पाटलोणीला त्यांनी दोन्ही पाय डावे लावले.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, दलाल एका बाईंना घेऊन आला. बाई पंचावन्नच्या, इस्पितळात तीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या, आता निवृत्तीला आल्या होत्या. चोपन्न पायऱ्या चढूनही श्वास लागलेला नाही. त्यांनी घर पाहिलं ते रोगी पाहावा तसं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, नळाची धार डोळे बारीक करून पाहिली, संडासाची साखळी ओढून पाणी किती वेळ वाहतं ते घड्याळात मोजलं. मग बाल्कनीत जाऊन स्वस्थ उभ्या राहिल्या. उन्हात. बराच वेळ.

मास्तरांनी मुलाला डोळ्याने खूण केली. मुलाने दलालाला केली. आतल्या खोलीतून बायको खोकली.

नर्सबाई येऊन खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मास्तर, घर मला आवडलं. पण मी स्पष्ट बोलते, रागावू नका. छत्तीसच्या वर माझी ऐपत नाही."

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. आपण तेहतीस सांगितले, ही बाई छत्तीस देते म्हणते, वर रागावू नका म्हणते. त्यांच्या डोक्यात भराभर येऊन गेलं: बाईला ऐकायला कमी येतं; बाई एकटी आहे, कोणी समजवायला नाही; दलालाने हिला फसवलं. दलालाने पुढे होऊन तोंड उघडलं, पण मास्तरांनी हात वर केला. बेचाळीस वर्षं उरलेलं कापड परत केलेला माणूस तो, त्याला राहवेना.

"छत्तीस कशाला बाई?" ते मायेने म्हणाले. "तीस द्या."

खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि शिंप्याच्या घरात टाचण्या काही कमी नव्हत्या.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "तीस?" त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "का?"

"का म्हणजे... पुरेत."

"मास्तर, खरं सांगा. कुठे दुखतंय याला? गळतं? पाया खचलाय? की इथे कोणी..." त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

"छे छे! कोणी काही केलेलं नाही!" मुलगा मध्ये पडला. त्याला घाम फुटला होता. "बाबांचं मनावर घेऊ नका. हल्ली ते असं काहीतरी बोलतात. विसरतात."

"विसरतात?" नर्सबाई एकदम सावध झाल्या. "कधीपासून? आजचा वार सांगा बरं, मास्तर."

"बुधवार," मास्तर गोंधळून म्हणाले.

त्या दिवशी मंगळवार होता हे वर सांगितलंच आहे.

नर्सबाई उठल्या. "ज्याचं चित्त ठिकाणावर नाही त्याच्या सहीने मी घर घेतलं, तर उद्या कोर्टात मला उभं करतील. विचार करून कळवते." आणि चोपन्न पायऱ्या भराभर उतरून गेल्या. दलालाने कपाळावर हात मारला. "काका, तीस वर्षांत मी असा माणूस पाहिला नाही. घेणारा वर चढतो आणि विकणारा खाली ढकलतो!"

आतून बायकोचा आवाज आला, "गेली का हो?"

"गेली," मास्तर म्हणाले.

मग ती पुटपुटली, "जाऊ दे. आपली पाल आहेच." मास्तरांना तो विनोद चांगलाच झोंबला.

रविवारी लेक आणि जावई आले. महिना संपायला नऊ दिवस होते. जावई चहा पिता पिता सगळं ऐकून घेत होता. कप खाली ठेवून तो म्हणाला, "बाबा, एक विचारू? घराची किंमत काय सांगितलीय?"

"तेहतीस," मास्तर म्हणाले.

"छत्तीस ना?" मुलगा म्हणाला. "आईच म्हणाली, बाबा छत्तीस म्हणतायत."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पदराचा धागा ओढायला घेतला. "ह्याच्या हातून तीन गळणार, हे काय मला ठाऊक नव्हतं? म्हणून वाढवले."

"मी गाळतो?" मुलगा म्हणाला. "मी उलट चाळीस सांगितले दलालाला!"

जावयाने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर सरळ केला. ती जाहिरात होती. "आणि इथे पंचेचाळीस छापलेत."

मास्तर खुर्चीवर बसले. बसलेच होते, पण पुन्हा बसल्यासारखे झाले. ते दारातून हसत परत गेलेलं जोडपं त्यांना आठवलं. "म्हणजे ती बाई पंचेचाळीसवरून छत्तीसवर आली होती," ते सावकाश म्हणाले, "आणि मी तिला..."

"तुम्ही तिला पंधरा लाख माफ केलेत," लेक म्हणाली आणि हसू दाबायला तिने तोंडात पदर कोंबला. आई रागावली, "हसतेस काय गं भवाने!" आणि तिचं तिलाच हसू फुटलं. मग मुलगाही हसला. मास्तर तेवढे हसले नाहीत.

जावई मात्र अजून गंभीर. तराजू तपासणाऱ्याचं काम एकदा सुरू झालं की अर्ध्यावर राहत नाही. "बाबा, तुमचे तीस तरी खरे आहेत का?"

"चोख. अठ्ठावीस चष्मेवाल्याचे, दोन सामानाचे."

"सामान हलवायला दोन लाख? खोल्या गल्लीच्या पलीकडे आहेत."

"असू दे म्हटलं थोडी माया," मास्तर पुटपुटले.

जावयाने उठून चपला घातल्या. "कुठे निघालात जावईबापू?" सासूने विचारलं. "चष्मा बदलायचाय," तो म्हणाला. अर्ध्या तासाने परत आला तो चष्मा न बदलताच. "चष्मेवाल्याचा खरा आकडा सव्वीस. म्हणाला, मास्तर दोन तरी पाडतील म्हणून अठ्ठावीस सांगितले. मास्तर तर लगेच हो म्हणाले! तेव्हापासून त्यालाच अपराधी वाटतंय. मला तर तिथे चहासुद्धा पाजला त्याने."

मग जावयाने सगळ्यांना ओळीने बसवून ठरवून दिलं: आकडा एक, तीस. कोणी वाढवायचा नाही, कोणी घटवायचा नाही. दलालाला बोलावून सांगितलं तर तो ओरडायलाच लागला. "एकदम पंचेचाळीसचे तीस? लोक म्हणतील इमारत पडली! निदान एकोणचाळीसवर तरी थांबा!" पण जावयाने आपली निरीक्षकाची नजर त्याच्यावर रोखली आणि दलालाने नवी जाहिरात लिहून घेतली.

बुधवारपर्यंत कोणी आलं नाही. गुरुवारी आलं नाही. दलाल म्हणत होता तेच खरं होत होतं. पंचेचाळीसचं घर तीसला मिळतंय म्हटल्यावर लोक गल्लीतूनच मान वर करून इमारत कलली आहे का ते बघून जायचे. मास्तर दुकान बंद ठेवून दारात वाट बघत बसले. चष्मेवाला रस्त्यात भेटला तर तोंड चुकवायचा. त्याचा मेहुणा टेप घेऊन खोल्या मोजून गेला असं कळलं.

शुक्रवारी दुपारी पायऱ्यांवर पावलं वाजली. नर्सबाई. एकट्याच, दलालाशिवाय.

"मास्तर, मी घर बघायला आले नाही," त्या दारातच म्हणाल्या. "तुमच्या मंडळी कुठे आहेत?"

मास्तर बाजूला झाले. नर्सबाई सरळ आतल्या खोलीत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि मास्तरांच्या बायकोचे गुडघे हाताने चाचपू लागल्या. त्या चार दिवस गल्लीत चौकशी करत हिंडल्या होत्या. खालच्या इस्त्रीवाल्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, दातांच्या डॉक्टरकडे उगाच एक दात दाखवला. गळती नाही, पाया ठीक, पंख्याला कोणी लटकलेलं नाही, मास्तरांचं डोकं शाबूत. मग विकतात का? सगळ्यांनी एकच सांगितलं, खिडकीतली बाई दिसेनाशी झाली.

"किती दिवस झाले उतरून?"

"पाच महिने," बायको म्हणाली. आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. गुडघ्यांवरून लग्नावर, लग्नावरून जावयाच्या आईवर, तिथून भाजीच्या भावावर. पाऊण तास गेला. मास्तर दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होते. तिचा एवढा मोठा आवाज ते विसरूनच गेले होते.

नर्सबाई शेवटी उठल्या. "दुखणं घराला नाही, गुडघ्यांना आहे," त्या म्हणाल्या. "तेवढं सांगितलं असतंत तर माझा दात वाचला असता, खालच्या डॉक्टरने तो भरायला काढलाय. तुम्ही तीस म्हणाला होतात, मास्तर. अजून तीसच?"

मास्तरांनी श्वास घेतला. "तीस."

"एकतीस!" पलंगावरून बायको म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "तोंडातून गेलं हो."

"गुडघे तपासायचं मी काही घेतलं नाही," नर्सबाई म्हणाल्या. "तीस."

पर्समधून विसाराचा चेक काढून त्या लिहायला लागल्या, तेव्हा मास्तर अस्वस्थ झाले. "बाई, एक सांगू? आत्ता तुम्हाला जिना सोपा वाटतो. पण पंधरा वर्षांनी तुमचेही गुडघे..."

"अहो!" बायको आतून कडाडली. "आता गप्प बसा!"

"तेव्हा मी पंचेचाळीस सांगेन," नर्सबाई म्हणाल्या आणि सही केली.

चेक घेऊन मास्तर खाली निघाले. वयाला न शोभेल अशा घाईने, एका चपलेवर. चष्मेवाल्याचा मेहुणा दुकानात बसलेला होता. मास्तरांनी त्याच्याकडे न बघता चेक टेबलावर ठेवला. "सव्वीस," ते म्हणाले. आयुष्यातली त्यांची ती पहिली घासाघीस, आणि तीही जावयाने आधीच करून ठेवलेली. तरी त्यांचे कान लाल झाले होते. चष्मेवाल्याने मेहुण्याला सांगितलं, "तू दुसरीकडे बघ रे." सव्वीस देऊन जे उरलं, त्यातून बायकोच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं तिने करू दिलं नाही. बसून बोलायला एक पुरतो, म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुलाने आणि जावयाने तिला खुर्चीतून खाली आणलं. नव्या घराच्या दारात खुर्ची ठेवली तर ती आत जायलाच तयार होईना. आठवड्याभरात तिला कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा नापास झाला आणि चष्मेवाल्याचं मेहुण्याशी का बिनसलं, हे सगळं ठाऊक झालं. मास्तर दुकानातून जेवायला येत, तेव्हा त्यांना दाराशी उभ्या असलेल्या माणसांमधून वाट काढत आत जावं लागे.

मास्तर त्या घरात तीन वर्षं राहिले. चौथ्या वर्षी, मार्चच्या अकरा तारखेला, सकाळी दुकान उघडायच्या आधी ते वारले. त्यांची बायको त्यांच्यानंतर नऊ वर्षांनी गेली, ऑगस्टमध्ये, एका गुरुवारी.